बेकार आणि बिगार

गेल्या वर्षी आईला खांद्याच्या दुखण्यासाठी दवाखान्यात घेऊन गेलो होतो. तिचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता, त्यामुळे तिथला छापील फॉर्म मीच भरत होतो. नाव, वय, पत्ता झालं आणि 'व्यवसाय' या रकान्याशी पेन थांबलं. मी तिच्याकडे पाहिलं. "लिही ना, काही नाही म्हणून. घरीच तर असते." मी तिथे आडवी रेघ मारली. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "जड उचलण्याचं वगैरे काही काम करता का?" आई म्हणाली, "छे हो, मी घरीच असते."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. माझी आजी सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी तिला कुशीवर वळवावं लागे. चादर बदलताना एका हाताने तिचं सगळं वजन पेलून धरायचं आणि दुसऱ्या हाताने खालची चादर ओढून काढायची. वजन पेलणारा तो हात नेहमी उजवाच असे. हेच काम इस्पितळात पगारावर करणाऱ्या बाईचा खांदा असा गेला, तर निदान कागदावर तरी तिला 'कामामुळे झालेली इजा' असं म्हणता येतं. आईच्या खांद्याच्या कागदावर मी मारलेली रेघ आहे.

ती रेघ माझ्या डोक्यातून गेली नाही. मग लक्षात आलं की आपल्या भाषेतच तिची व्यवस्था झालेली आहे. 'बेकार' हा शब्द घ्या. फारसीतून आला, बे म्हणजे विना, कार म्हणजे काम. ज्याला काम नाही तो बेकार. पण मराठीत 'बेकार' म्हणजे वाईट, निरुपयोगी, टाकाऊ असंही होतं. सिनेमा बेकार, रस्ता बेकार आणि नोकरी सुटलेला माणूसही बेकार. त्याच्या शेजारचा शब्द 'बिगार'. हाही फारसीतूनच आला आणि आपल्या 'वेठ'ला जोडून बसला. काम भरपूर, मोबदला शून्य, ती बिगार. कामाबद्दलचा सार्वजनिक वाद आज ज्या गोंधळात अडकला आहे, तो या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे. आपण बेकारांची मोजदाद करतो, बिगारीची करत नाही. आणि आजारपण, म्हातारपण, अपघात यांसाठी जी काही संरक्षणं समाजाने उभी केली, ती जवळजवळ सगळी नोकरीच्या खुंटीला टांगून ठेवली आहेत, कामाच्या नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ही खुंटी बदलली पाहिजे.

समाजशास्त्राने या प्रश्नाचा जो अभ्यास केला आहे, त्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या छोट्या वसाहतीचा. व्हिएन्नाजवळचं हे गाव एका कापडगिरणीभोवती वसलेलं होतं. १९२९च्या मंदीच्या लाटेत गिरणीचे विभाग एकेक करून बंद होऊ लागले आणि काही महिन्यांत सारी गिरणी थांबली. साधारण दीड हजार वस्तीचं गाव जवळपास एकदमच बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांच्या चमूने तिथे जाऊन जे पाहिलं, ते १९३३ साली प्रसिद्ध झालं.

त्या काळी अनेकांना वाटत होतं की पोटाला चिमटा बसला की माणसं पेटून उठतील. मारिएनथालमध्ये उलटंच घडलेलं दिसलं. माणसं विझत गेली होती. गावात वाचनालय होतं, पुस्तकं आता फुकट मिळत होती, वेळ तर हवा तेवढा होता. तरीही नेली जाणारी पुस्तकं दोन वर्षांत निम्म्याच्या आसपास आली. पुरुषांना दिवसाचं टिपण करायला सांगितलं तर दोन-तीन नोंदींच्या पुढे त्यांना काही आठवेना. सकाळी उठलो, मुलांना शाळेत पाठवलं, दुपारी जेवलो. मधले तास कुठे गेले ते त्यांनाच सांगता येत नव्हतं. बऱ्याच जणांनी घड्याळ वापरणंच सोडून दिलं होतं.

मग या संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. ते खिडकीशी बसले आणि रस्त्याने जाणाऱ्या माणसांचा चालण्याचा वेग मोजू लागले. पुरुष रेंगाळत चालत, पुन्हा पुन्हा थांबत. बायकांचा वेग पुरुषांच्या जवळजवळ दीडपट होता. गिरणीतलं काम तर दोघांचंही गेलं होतं! पण बायकांना घरी जाऊन चूल पेटवायची होती, तुटपुंज्या भत्त्यात आठवडा काढायचा होता, मुलांच्या कपड्यांना ठिगळं लावायची होती. संशोधकांनी लिहिलं की या बायकांना खऱ्या अर्थाने बेकार म्हणताच येणार नाही, त्यांची फक्त कमाई थांबली आहे. बेकार आणि बिगार एकाच रस्त्यावरून, वेगवेगळ्या वेगाने चालताना कुणीतरी पहिल्यांदा घड्याळ लावून पाहिले होते.

इथेच थांबलो तर मला सोयीचं होईल, पण अभ्यासातली पुढची गोष्ट तितकीच खरी आहे. त्याच बायकांना विचारलं तेव्हा त्यांनी गिरणीत परत जायची इच्छा बोलून दाखवली. गिरणीत आठ तास आणि घरी उरलेले, असं दुहेरी ओझं ज्यांनी वाहिलं होतं, त्यांनाही ती गिरणी हवी होती, आणि नुसत्या पैशासाठी नव्हे. याहोदाने पुढे आयुष्यभर या कोड्याचा विचार केला. नोकरी पगारापलीकडे आणखी काही देते, असं तिने मांडलं: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, आपल्याहून मोठ्या कशात तरी वाटा, समाजात एक ओळख आणि हातांना नियमित हालचाल. पगार हा नोकरीचा उघड हेतू. या गोष्टी नकळत मिळतात आणि नोकरी गेल्यावरच त्यांची किंमत कळते.

या नकळत मिळणाऱ्या गोष्टी कशा दिसतात, ते अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय यांनी फार जवळून दाखवलं. एका कारखान्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत ते स्वतः यंत्रावर कामाला राहिले. यंत्राखाली कापायचा साचा ठेवायचा, यंत्र दाबायचं, पुन्हा साचा ठेवायचा, पुन्हा दाबायचं. असे रोजचे लांबलचक तास. पहिल्या काही दिवसांत त्यांना वाटलं की आपण हे सोसूच शकणार नाही. मग हळूहळू त्यांना त्या खोलीतली दुसरी घड्याळं ऐकू येऊ लागली. एक कामगार रोज आपल्या डब्यात एक केळं आणत असे. रोज सकाळी दुसरा कामगार ते चोरून काढी, "केळ्याची वेळ!" असं ओरडे आणि खाऊन टाकी. पहिला रोज चिडे, रोज तक्रार करी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केळं आणी. एकदाही त्याने ते स्वतः खाल्लं नाही. अशीच खिडकी उघडण्याची एक वेळ होती, थंड पेयाची एक वेळ होती. पुढे एका थट्टेवरून कुणाचं तरी मन दुखावलं, हा सगळा खेळ बंद पडला आणि रॉय यांना इतक्या आठवड्यांनी पुन्हा थकवा जाणवू लागला. यंत्र तेच होतं, कामाचे तासही तेवढेच. हा लेख १९५९चा आहे, पण ज्याने कुठेही चार माणसांत काम केलं आहे, त्याला त्या केळ्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

माझ्या आईच्या सहा वर्षांत केळ्याची वेळ नव्हती. रात्री तीन वाजता आजीला कुशीवर वळवताना तिच्यासोबत थट्टा करायला कुणी नव्हतं. म्हणून घरकामाचे गोडवे गाणाऱ्यांशी माझं जमत नाही. 'गृहिणी ही त्यागाची मूर्ती' वगैरे भाषणं देणारे लोक फुकटात मोठेपणा देतात. त्यातून ना सोबत मिळते ना सुट्टी. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲन ओकली यांनी १९७०च्या दशकात या गोडव्यांना चांगलंच उत्तर दिलं. कारखान्यातल्या कामगारांना विचारतात तेच प्रश्न त्यांनी लंडनमधल्या ४० गृहिणींना विचारले: काम कंटाळवाणं आहे का, तुकड्यातुकड्यांचं आहे का, वेगाचा ताण येतो का. आठवड्याचे सरासरी तास निघाले ७७. आणि कामाच्या एकसुरीपणाची तक्रार यंत्रपट्ट्यावरच्या कामगारांपेक्षाही या बायकांत अधिक निघाली. 'घर' या विषयाला तोवर कुटुंबाच्या प्रकरणात जागा होती. ओकली यांनी त्याला उचलून कामाच्या प्रकरणात आणून ठेवलं. नुसतं प्रकरण बदलल्याने किती दिसू लागलं!

याच्या आधीच्या थोरांनी काय केलं होतं? मार्क्सने १८४४ सालच्या टिपणांत लिहिलं की मजुरीवर राबणारा माणूस आपल्या हातच्या वस्तूला, कामाला, सोबत्यांना आणि शेवटी स्वतःलाच परका होतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १८९३मध्ये सांगितलं की कामं वाटून घेतल्यानेच आधुनिक समाज एकमेकांना बांधलेला राहतो, पण वाटणी जबरदस्तीची असेल तर ती बांधणी टिकत नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरने विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवलं की व्यवसाय म्हणजे ईश्वराने नेमून दिलेलं कर्तव्य ही धार्मिक भावना भांडवलशाहीच्या अंगवळणी कशी पडली. तिघेही मोठे, तिघांचंही बरंच आजही खरं. पण तिघांच्याही डोळ्यांसमोर जो कामकरी होता, तो बहुतेक वेळा सकाळी घराबाहेर पडणारा पुरुष होता. तो डबा घेऊन निघे, तेव्हा तो डबा भरणारी बाई त्यांच्या चित्राच्या चौकटीबाहेर राही.

त्या चौकटीलाही इतिहास आहे. घर एकीकडे आणि कामाची जागा दुसरीकडे, ही विभागणी मानवी इतिहासात अगदी अलीकडची. शेतकरी, विणकर, कुंभार यांच्या घरात कुठलं काम 'उत्पादक' आणि कुठलं 'घरचं' अशी भिंत नव्हती. दिवस कामाच्या मापाने चाले. गाय दोहायची ती तिच्या वेळेला. कारखाने आले तेव्हा घड्याळ मालकाच्या हाती गेलं आणि वेळ विकण्याची वस्तू झाली. 'बेकारी' ही एक वेगळी सामाजिक अवस्था आहे, ती मोजायला हवी, हे तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळलं. त्याच सुमारास जर्मनीत चान्सेलर बिस्मार्कने विम्याचे कायदे केले: १८८३मध्ये आजारपणाचा, १८८४मध्ये अपघाताचा, १८८९मध्ये म्हातारपणाचा. जगातल्या बऱ्याच सामाजिक सुरक्षा योजना या साच्यातून निघाल्या. कामगारांसाठी ती मोठीच मिळकत होती, तिला मी कमी लेखत नाही. पण हक्क पगारपत्रकाला बांधला गेला तो तिथे. पगारपत्रकावर ज्याचं नाव नाही, त्याचा खांदा समाजाचा राहिला नाही.

आणि पगारपत्रकाबाहेर फक्त गृहिणीच आहेत असं समजू नये. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ कीथ हार्ट १९६०च्या दशकात घानाची राजधानी आक्रा इथे, निमा नावाच्या वस्तीत राहिले. सरकारी हिशेबात तिथली कितीतरी माणसं बेकार किंवा अर्धबेकार. हार्ट यांना दिसलं की दिवसभर कुणी रिकामं बसलेलं नाही. कुणी विकतंय, कुणी दुरुस्ती करतंय, कुणी उसने पैसे फिरवतंय, एकेक माणूस दोन-तीन उद्योग सांभाळतोय. 'असंघटित क्षेत्र' ही कल्पना अशी अभ्यासात आली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८च्या हिशेबानुसार जगातले २ अब्ज लोक, म्हणजे एकूण रोजगारातले ६१ टक्के, असंघटित रोजगारात आहेत. जगातल्या दर दहा कमावत्यांपैकी सहा जण ज्या पद्धतीने जगतात, तिला आपण अपवाद समजतो आणि उरलेल्या चौघांच्या मापाने कायदे शिवतो.

कामाची व्याख्या ठरवणं ही सत्ता आहे. हे वाक्य पुस्तकी वाटेल, म्हणून एक खटला सांगतो. ब्रिटनमध्ये उबरच्या चालकांनी दावा केला की आम्ही कामगार आहोत. कंपनीचं म्हणणं, हे स्वतंत्र व्यावसायिक. आणि कामाचा वेळ धरायचाच तर गाडीत प्रवासी असेल तेवढाच. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चालक कामगारच आहेत, आणि परवान्याच्या हद्दीत ॲप चालू करून तो भाडं घ्यायला तयार बसला की त्याचा कामाचा वेळ सुरू होतो. म्हणजे वाट पाहणं हेही काम. फोनकडे बघत रस्त्याच्या कडेला थांबलेली ती वीस मिनिटं आदल्या दिवशीपर्यंत कायद्याच्या दृष्टीने वादात होती, दुसऱ्या दिवशी कामाची झाली. गाडी हलली नव्हती. व्याख्या हलली होती.

हसणंही तसंच. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३मध्ये हवाईसुंदरींच्या प्रशिक्षणाचा अभ्यास मांडला. प्रवासी कितीही उर्मट वागला तरी आतून राग दाबायचा, तो लहान मूल आहे असं मनाशी म्हणायचं आणि हसू खरं वाटेल असं हसायचं, याचं रीतसर शिक्षण तिथे दिलं जाई. याला त्यांनी भावनिक श्रम म्हटलं. हसू आणि समजूत या गोष्टी बाजारात विकल्या जाऊ लागल्या तेव्हा कळलं की त्याला कष्ट पडतात, आणि मग मागे वळून पाहिलं तर घरोघरी हे कष्ट कितीतरी पिढ्या उपसले जात होते.

अर्थशास्त्रज्ञांना ही विसंगती ठाऊक होती. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ पिगूने नमूद केलं होतं की एखाद्याने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केलं तर देशाचं राष्ट्रीय उत्पन्न घटतं. ती तेच काम करत राहते, फक्त आता पगार नाही. १९३४मध्ये मार्गारेट रीड यांनी एक सोपी कसोटी सुचवली: एखादी गोष्ट तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाकडून पैसे देऊन करवून घेता येत असेल, तर ते काम. जेवण तुम्हालाच जेवावं लागतं, पण स्वयंपाक दुसरा करू शकतो; झोप तुमची तुम्हीच घ्यायची, पण आजीला कुशीवर वळवायला माणूस ठेवता येतो. इतकी स्वच्छ कसोटी हाताशी असून जगाच्या आकडेमोडीत ती उतरायला जवळजवळ ८० वर्षं गेली. २०१३मध्ये जिनिव्हाला श्रमाच्या आकडेवारीचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ठरवलं की इतरांच्या किंवा स्वतःच्या उपयोगासाठी वस्तू किंवा सेवा निर्माण करणारी कुठलीही कृती म्हणजे काम, आणि रोजगार हा त्यातला फक्त एक प्रकार, मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेला. आईचा खांदा कशामुळे गेला त्याला जगाच्या आकडेशास्त्रात आता काम म्हणतात. दवाखान्याच्या फॉर्मपर्यंत ती बातमी पोचायची आहे.

त्या कामाचा आकारही आता मोजला गेला आहे. ६४ देशांतल्या लोकांचा वेळ कुठे जातो याच्या पाहण्यांवरून श्रम संघटनेने २०१८मध्ये सांगितलं की विनामोबदला सेवाशुश्रूषेवर आणि घरकामावर रोज १६.४ अब्ज तास खर्च होतात. दिवसाला आठ तास फुकट राबणाऱ्या २ अब्ज माणसांइतकं हे श्रम आहेत. त्यातला ७६ टक्क्यांहून अधिक भार बायका उचलतात. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे ज्यांना पगारी काम करता किंवा शोधताच येत नाही अशा बायका ६०.६ कोटी, पुरुष ४.१ कोटी.

आणि एकदा बाहेर पडलं की परत शिरणंही सोपं नसतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३च्या अभ्यासात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जवळजवळ ८३ टक्के लोकांना ती अशा माणसाकडून कळली होती, ज्याची गाठ कधीमधीच किंवा क्वचित पडे. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी दुरून येते. सहा वर्षं एका खाटेभोवती काढलेल्या माणसाच्या नेमक्या ह्याच दूरच्या ओळखी सुकतात.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला नेहमीचा: "सगळ्याला काम म्हणायला लागलात तर माया कुठे राहिली? आईने सासूची सेवा प्रेमाने केली, तिचा हिशेब मांडता?" हा आक्षेप घेणारे बहुतेक वेळा स्वतः रात्री तीनला उठलेले नसतात, पण तेवढ्यावरून तो निकाली काढणं योग्य नाही. माझ्या आईचं आजीवर प्रेम होतं. एखाद्या चांगल्या शिक्षकाचंही मुलांवर प्रेम असतं. म्हणून त्याचा पगार आणि निवृत्तिवेतन कुणी कापत नाही. प्रेम आहे म्हणून कष्ट नाहीत, हा निष्कर्ष फक्त घराच्या उंबऱ्याच्या आतच कसा काढला जातो?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो स्त्रीवादी चळवळीच्या आतूनच आला. १९७२पासून इटली, ब्रिटन, अमेरिकेत घरकामाला पगार मागणारी मोहीम उभी राहिली. तेव्हा इतर कार्यकर्त्या म्हणाल्या की असा पगार दिला तर बाई कायमची चुलीशी बांधली जाईल. मला हा धोका खरा वाटतो. मारिएनथालच्या बायकांना घरकामाचा पगार नको होता, गिरणी हवी होती. माणसं हवी होती. म्हणूनच माझी मागणी पगाराची नाही. मागणी अशी की आजारपणाची, अपघाताची आणि म्हातारपणाची तरतूद नोकरीवरून काढून कामावर आणा, आणि शुश्रूषेचं काम एकाच खांद्यावरून चार खांद्यांवर वाटलं जाईल अशी सार्वजनिक व्यवस्था उभी करा. हे स्वप्नरंजन नाही. जर्मनीत १९९२पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे संगोपनाची तीन वर्षं निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरली जातात. उरुग्वेने २०१५मध्ये कायदा करून लहान मुलं, अपंग आणि परावलंबी वृद्ध यांच्या शुश्रूषेची राष्ट्रीय व्यवस्था सुरू केली. हे देश काही आदर्श नव्हेत, त्यांच्याही व्यवस्थांत भोकं आहेत. पण 'हे मोजताच येत नाही' असं म्हणण्याची सोय त्यांनी उरू दिली नाही.

पैसा कुठून आणायचा, असं विचारतात. किंमत आजही मोजली जातेच आहे. ती कुणाच्या तरी खांद्यातून, सोडलेल्या नोकरीतून आणि म्हातारपणी मुलांपुढे हात पसरण्यातून वसूल होते. ती सगळ्यांनी मिळून भरायची की एकीनेच, एवढाच निर्णय बाकी आहे.

आइसलँडच्या बायकांनी हा निर्णय एका दिवसापुरता लोकांपुढे आणून ठेवला होता. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तिथल्या जवळजवळ ९० टक्के बायकांनी नोकरीवर काम केलं नाही आणि घरीही केलं नाही. शाळा, बँका, मासळीचे कारखाने ठप्प झाले. बाप मुलांना घेऊन कचेरीत बसले. मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती त्या दिवसाचं नाव. काहींना 'संप' हा शब्द फार कडक वाटला म्हणून त्याला 'बायकांचा सुट्टीचा दिवस' म्हटलं गेलं. वरवर पाहता हा सौम्यपणा, पण सुट्टी त्यालाच असते ज्याला काम असतं. ती मागताक्षणीच बायकांनी आपलं काम देशाच्या पटावर नोंदवून टाकलं. पुढच्याच वर्षी तिथे समानतेचा कायदा झाला.

आईला त्या दिवशी डॉक्टरांनी सहा आठवडे उजव्या हाताने काही उचलू नका असं सांगितलं. बाहेर आल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "सहा आठवडे कुणाला सांगायचे?" मी तिच्या पलीकडे बसलो होतो, माझ्या कचेरीला मी आजारपणाची रजा टाकून आलो होतो, पूर्ण पगारी.

वेळेच्या पाहणीला येणारे लोक 'व्यवसाय काय' असं विचारून थांबत नाहीत. दिवसाचे छोटे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात काय केलं ते विचारतात. मागच्या महिन्यात मी वही घेऊन आईसमोर बसलो आणि आजीच्या शेवटच्या वर्षातला कुठलाही एक दिवस आठवायला सांगितला. "त्यात काय लिहिण्यासारखं आहे?" म्हणाली, पण सांगू लागली. पहाटे पाचपासून सुरुवात केली. दुपारचे बारा होईपर्यंत पान भरलं, मी उलटलं. रात्री साडेदहाला ती म्हणाली, "मग झोपले. झालं." मी विचारलं, "आणि आजीला वळवायचीस ते?" ती क्षणभर थांबली. "हां, ते एकला, मग तीनला. आणि उठायच्या आधी एकदा. ते पण लिहायचं का?"